बिनटिंबाची सही

आमचे काका कुलपं दुरुस्त करतात, त्यामुळे जगात चोर सोडून दुसरं कोणी राहतं यावर त्यांचा विश्वास नाही. घराला लागूनच दुकान. तरी बंद करताना कुलूप ओढून बघतात, वळतात, आणि परत जाऊन ओढतात. सहीच्याही त्यांनी दोन जाती ठेवल्यात. खरी सही असेल तर खाली एक टिंब. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याला बिनटिंबाची.

"सही म्हणजे किल्लीच गं," ते मला सांगतात. "सगळे दाते कुणाला दाखवायचे नसतात. उद्या भानगड झाली तर म्हणता येतं, ही माझी नव्हेच."

काकूला हे कळलं तेव्हा तिने आधी लग्नाचा दाखला काढला. टिंब नव्हतं.

"अहो, हे काय?"

"अगं, तेव्हा तुला ओळखत कुठे होतो मी?"

"आणि आता?"

काका किल्लीवर कानस घासत राहिले.

तेव्हापासून काकूही बदलली. ते उशिरा आले की खिसे चाचपायची. गोड बोलले की डोळे बारीक करून, "काय हवंय?"

यंदा तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. नर्सने संमतीचा कागद काकांपुढे धरला. त्यांनी तो उजेडात धरून वाचला, डॉक्टरांना खालून वर न्याहाळलं आणि सही केली. स्ट्रेचरवरून काकूने मान उचलली.

"टिंब?"

"अगं, हा डॉक्टर फार हसतो. मला नाही बरा वाटत. काही झालंच तर..."

"तर तुम्ही म्हणाल, सही माझी नव्हे! आणि मी वर जाऊन काय सांगू, कुणाची होते म्हणून?"

"आजी, आत जायचंय," नर्स म्हणाली.

"आधी टिंब. मग आत."

नर्सने माझ्याकडे बघितलं. हिला भूल आधीच कुणी दिली की काय, अशा नजरेने. काकांनी पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर दवाखान्याचे कागद ठेवायला काकूने फाईल उघडली. वरच लग्नाचा दाखला. काकांच्या सहीखाली टिंब.

तिने आधी मलाच धरलं.

"तू केलंस?"

"मी कशाला करू?"

"नाटकात कामं करणारी तू. तुझा काय नेम!"

मग दाखला पालथा करून तिने मागून बोट फिरवलं. आरपार भोक होतं. दुकानातला कानशीचा आवाज एकदम थांबला.

"अहो," काकूने तिथूनच हाक मारली, "पेन नवीन घ्या. त्याचं टोक पार बसलं असेल."