हात पुढे कर

झाकण खाडकन पडलं आणि माझी पोरगी किंचाळली. शेवटचं आमेन म्हणून लोक नुकते खाली बसत होते.

आमच्या चर्चमध्ये पायपेटी आहे. पायानं भाता मारायची जुनी लाकडी पेटी, झाकण चांगलं जाडजूड. ते झाकण दादासाहेबांनी दोन्ही हातांनी धरून तिच्या बोटांवर आपटलं. लोक आता चुकून पडलं म्हणतात. कसलं चुकून? मी दाराशी उभी होते, या डोळ्यांनी बघितलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग झाकणाला हात घातला, मग आपटलं. आणि म्हणाले,

"झाडूवालीच्या पोरीनं झाडू मारायचा. पेटीला शिवायचं नाही."

मी धावले. "अहो, बोटं मोडली की पोरीची!" एवढंच ओरडले, तर वळून माझ्या कानशिलात ठेवून दिली. देवाच्या घरात, शंभर माणसांसमोर. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. एकही माणूस जागचा उठला नाही. पाळकसाहेब हात जोडून म्हणत होते, "शांती, शांती. प्रार्थनेत राहा." माझ्या पोरीच्या नखातून रक्त गळत होतं आणि मंडळी डोळे मिटून बसली होती.

दादासाहेब म्हणजे आमच्या मंडळीचे पंच. मुलुंडला टॉवरमध्ये राहतात. त्यांचे पणजोबा म्हणे ब्राह्मण होते. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या, पण हे सांगितल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही. माझे आजोबा नगरकडच्या महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. ते कुणी विचारत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. मी भांडुपच्या टेकडीवर राहते. सकाळी एका सोसायटीत हाऊसकीपिंग, आणि शुक्रवारी चर्च धुऊन पुसून काढायचं. नवरा जाऊन सात वर्षं झाली. एकच लेक, सुवार्ता. अकरावीला आहे.

ती पेटी शिकली तीच मुळी मी लादी पुसत असताना. लहान होती, घरी एकटी ठेवता येत नव्हती, म्हणून सोबत न्यायचे. मी बादली घेऊन बाकांखाली, ती पेटीवर. कुणी शिकवलं नाही तिला. रविवारी ऐकायची आणि शुक्रवारी वाजवायची. त्या रविवारी दादासाहेबांची सून आजारी होती. पेटीला कुणीच नाही. पाळकसाहेबच म्हणाले, "सुवार्ता, बस गं तू." बसली. काय वाजवलं पोरीनं! म्हाताऱ्या बायका माना डोलवत होत्या. मी दाराशी उभी राहून रडत होते, खरंच सांगते. दादासाहेब उशिरा आले, पुढच्या बाकावर बसले आणि उपासना संपेपर्यंत हलले नाहीत. एवढा वेळ तो माणूस थांबला, म्हणजे रागाच्या भरात हात सुटला म्हणायलाही जागा नाही.

आता माझं पाप सांगते.

दवाखान्यात एक्सरे काढला. करंगळी आणि शेजारचं बोट मोडलेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "कसं झालं?" पाळकसाहेब रिक्षातून आमच्यासोबत आले होते. वाटेत मला म्हणाले होते, "ताई, घरचं भांडण जगापुढे न्यायचं नसतं. भावाला पोलिसांच्या हाती द्यायचं नसतं. तुम्ही शांती निवडा." मी लहानपणापासून हेच ऐकलंय. आई हेच सांगायची, आपण ख्रिस्ती, आपण भांडायचं नाही. मीही पोरीला तेच शिकवलं. शाळेत कुणी जातीवरून बोललं, तर गप्प बस. कुणी ढकललं, तर बाजूला हो.

मी डॉक्टरीण बाईंना म्हणाले, "दारात सापडली बोटं."

सुवार्तानं माझ्याकडे बघितलं. बाईंनी माझ्या सुजलेल्या गालाकडेही बघितलं, पुन्हा विचारलं, "नक्की दारात?" मी मान हलवली. त्यांनी तसं कागदावर लिहिलं.

घरी आल्यावर पोरगी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "मम्मी, तू माझं पण खोटं सांगितलंस."

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची उपासना. ज्यांचं कुणाशी वाकडं असेल त्यांनी त्या दिवशी पुढे यायचं, सगळ्यांदेखत हात मिळवायचा, पाळक वरून प्रार्थना करतात. मिटलं. जो हात मिळवणार नाही त्याला रविवारी भाकर नाही, प्याला नाही. रीत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. सख्खे भाऊ या रीतीनं रडत गळ्यात पडलेले मी बघितलेत. पण मी एवढी वर्षं दाराशी उभी राहून आणखी एक गोष्ट बघितली. आधी हात पुढे करायला सांगतात ते नेहमी आमच्यातल्याच माणसाला.

त्या शनिवारी आम्हां दोघींना पुढे बोलावलं. समोर दादासाहेब, इस्त्रीचा पांढरा सदरा. पाळकसाहेबांचा चेहरा उतरलेला होता. ते वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. पंचांनी मनात आणलं तर त्यांची बदली होते, बायकापोरांसकट.

"सुवार्ता, हात पुढे कर बाळ," ते म्हणाले.

उजव्या हाताची मोडलेली बोटं पट्टीनं बांधलेली. तिनं डावा पुढे केला.

"डावा नको. उजवाच दे. हळूच."

पोरीनं उजवा पुढे केला. सांगितलं तसं. मी शिकवलं होतं तसं. दादासाहेबांनी तो हात धरला, मंडळीकडे बघून हसले आणि मोडलेली बोटं आवळली. मला दिसत होतं. त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. पोरीचे ओठ पांढरे पडले, डोळ्यांतून पाणी, पण तोंडातून हूं की चूं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मम्मी सांगेल तेवढा वेळ ती सोसणार होती.

वाट लागली माझ्या शांतीची. ही पोरगी उद्या कुणाच्याही हातात अशीच आपली बोटं देईल, आणि ते मी केलं असेल, या दादासाहेबानं नाही, मी. एवढंच डोक्यात आलं.

"सोडा तिला," मी म्हणाले. सोडलं नाही. "सोड!" मी ओरडले. तरी सोडलं नाही. मग मी खाली वाकले आणि त्याच्या मनगटाला चावले. कडकडून. रक्ताची चव लागेपर्यंत. त्यानं दुसऱ्या हातानं माझे केस धरले, डोकं बाकावर आपटलं, भुवई फुटली. मी दात सैल केले नाहीत. बोटं सुटली तेव्हाच सोडलं.

आता मात्र सगळे उठले. "अगं, वेडी झाली काय? चर्चमध्ये चावते?" माझ्या पोरीची बोटं मोडली तेव्हा हीच माणसं डोळे मिटून बसली होती. बायांनी मला मागून धरलं. मी त्यांना झिडकारलं, कुणाला लागलं असेल तर लागलं. पोरीला घेतलं आणि तशीच, रक्ताच्या तोंडानं, आधी दवाखाना गाठला. तीच डॉक्टरीण बाई होती. म्हटलं, "बाई, मी खोटं बोलले. दारात नाही सापडली. आता खरं लिहा."

तिथून पोलीस स्टेशन. साहेब म्हणाले, "ताई, त्यांचा माणूस येऊन गेला आत्ताच. तुम्ही चावलात म्हणतात. दोन्हीकडून मारामारी आहे. मिटवून टाका ना आपसात, कशाला कोर्टकचेरी?"

"मी चावले ते आधी लिहा," मी म्हणाले. "खरं आहे ते. मग पोरीचं लिहा. तो झाडूवालीची पोरगी म्हणाला, शिवायचं नाही म्हणाला, तेही लिहा." सुवार्तानं स्वतः सांगितलं सगळं, एकेक शब्द. सही डाव्या हातानं केली.

काल पाळकसाहेब घरी आले. दारातच उभे राहिले. "ताई, दोघांनीही तक्रार मागे घ्यायची, असं ठरतंय. नाहीतर मंडळी तुम्हांला प्रभुभोजनाला बसू देणार नाही. पोरीचं लग्न, उद्या तुमची माती, सगळं अडेल. शांतीनं घ्या."

मी त्यांना पाणी दिलं. पोरीला माझ्याजवळ बसवलं, तिनं ऐकावं म्हणून. मग बोलले.

"पाळकसाहेब, शांती मला पाहिजे. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे. पण मारणाऱ्याचं नाव झाकायचं आणि मार खाणारीनं हात पुढे करायचा, याला मी इथून पुढे शांती म्हणणार नाही. पुढच्या प्रभुभोजनाला आम्ही येणार. भाकर दिली नाहीत तर उपाशी घरी येऊ. मी मेल्यावर माती दिली नाहीत तर पोरगी मला कुठेही पुरेल. तक्रार मागे घेणार नाही. चावले त्याची शिक्षा झाली तर भोगीन. आणि त्यानं किंवा आणखी कुणी माझ्या पोरीला पुन्हा हात लावला, तर मी पुन्हा चावेन."