आत्याबाई आणि तीन टक्के

राधाकृष्णने ऊसतोडीवरच्या चांगुणाबाईंचा फोन मोठ्या ऐटीत आपल्या लॅपटॉपला चार्जिंगला लावला, लॅपटॉप मिटला आणि तो जेवायला गेला. उसाच्या गाड्यांना चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा स्लिपबॉय तो. फडात एवढं शिकलेलं दुसरं कोण? तासाभराने येऊन पाहतो तर नवाचे तीन टक्के झालेले. मिटल्याबरोबर लॅपटॉप झोपला होता आणि झोपताना यूएसबीची खाचही बंद करून गेला होता.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण चार वाजता तिकडे पाथर्डीकडच्या गावी चांगुणाबाईंच्या भावाच्या लेकाचं बारसं होतं. आत्या याच. कोपरगावचा फड सोडून जाता येईना, म्हणून बाळाच्या कानाशी फोन धरायचा आणि आत्याने इथून नाव सांगायचं, असं ठरलेलं. साडेतीन तर वाजलेच होते.

"मावशी, दुसरीकडं लावू का?" राधाकृष्ण पुटपुटला.

"तुमी कुटंच लावू नगा."

चांगुणाबाईंनी कोयता खाली ठेवला. फडातल्या बारा फोनांचं चारापाणी त्यांच्याकडेच. शाळा दुसरीपर्यंत, पण कुठली खाच किती देते हे त्यांना म्हशीच्या सडांसारखं पाठ. ट्रॅक्टरमधल्या टेपची खाच गाण्यांच्या पेनड्राइव्हपुरती, थेंब थेंब देणारी. ट्रॅक्टरच्या चार्जरची दुभती, पण दोन फोन लावले की दोघंही अर्धपोटी.

त्या थेट ट्रॅक्टरपाशी गेल्या.

"बजरंग, तुजा फोन काड."

"आत्ताच लावलाय, वैनी," ड्रायव्हर म्हणाला.

"काड. तुज्यावाचून कुनाचं बारसं अडलंय?"

बजरंगने फोन काढला. राधाकृष्णने आपली नवीकोरी पातळ वायर पुढे केली. ती बाजूला सारून चांगुणाबाईंनी कमरेची जाड, आखूड वायर काढून जोडली.

राधाकृष्णला राहवेना. "फोन आधी खाचेला विचारतो, किती देशील? मग ती सांगेल तेवढंच..."

"इचारू द्या त्याला. तुमी मदी बोलू नगा."

चारला फोन वाजला तेव्हा सतरा टक्के झाले होते. बजरंगने इंजिन बंद करून चावी तेवढी चालू ठेवली. वायर आखूड, म्हणून चांगुणाबाई स्टेअरिंगवर ओणव्या झाल्या, "कुर्र" केलं आणि अगदी हळू नाव सांगितलं. तिकडे एकच गलका उठला. इकडे फडातल्या बायांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले, तेही हात राखून नव्हे.

धपाटे ओसरल्यावर राधाकृष्ण जवळ सरकला. "मावशी, काय नाव ठेवलं?"

पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुमचं न्हाई ठिवलं."