निम्मा आकडा

मीटरकाकांना लोकांच्या घरात पाऊल न टाकता घरातलं सगळं कळायचं. एकतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचायचं काम केलं. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, कानामागे पेन. जिन्याखाली, पोर्चमध्ये, कचऱ्याच्या डब्यामागे, जिथं म्हणून घरमालकाला मीटर लपवावासा वाटला असेल तिथं वाकून आकडा उतरवायचा आणि पुढचं दार गाठायचं. कुणाच्या घरी आकडा एकदम चढला की ते मनाशी म्हणत, लेक माहेरी आलेली दिसते, बाळाच्या आंघोळीला पाणी तापतंय. आठ दिवसांनी त्या घराच्या दोरीवर दुपटी वाळताना दिसत आणि काका खूश होत.

एका हिवाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचा आकडा जेमतेम फ्रिजपुरता सरकला होता. काकांनी बेल वाजवली. कुणी आलं नाही, तेव्हा शेजाऱ्याला किल्ली घेऊन बोलावलं. बाई बारा दिवस तापानं अंथरुणात होत्या, बिस्किटं आणि पाण्यावर. त्या वाचल्या आणि त्यांनी काकांना करड्या लोकरीचा मफलर विणून दिला. तेव्हापासून हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला काका एकच गोष्ट शिकवत. "माणूस सुखासुखी वीज कमी जाळत नाही. आकडा चढला तर चढू दे. उतरला की आधी माणूस बघायचा."

एवढं ज्याला कळत होतं, त्याची ही गोष्ट आहे. म्हणून ती सांगायला जड जातं.

निवृत्तीच्या आधी वर्षभर काका-काकूंनी एका बैठ्या रांगेतलं शेवटचं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं हातभर अंगण. आयुष्यभर भाड्याच्या घरात काढल्यावर हातात आलेलं हक्काचं घर, त्यामुळे काका त्या घराच्या अक्षरशः प्रेमात पडले. मग निवृत्त झाले आणि दिवसभर रिकामे. दुसऱ्यांचे मीटर वाचायचे राहिले नाहीत म्हटल्यावर त्यांनी स्वतःचाच वाचायला घेतला. पहिल्याच महिन्यात तीनशे वीस युनिटं. काकांनी मीटरच्या शेजारी खिळ्याला एक पुठ्ठा अडकवला, त्यावर तो आकडा लिहिला आणि काकूंना जाहीर करून टाकलं, "याचं मी निम्मं करणार. एकशेसाठ."

काकू हसल्या. त्या कपडे दुरुस्त करून द्यायच्या. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर. मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, इस्त्री आणि पायाशी एक छोटा हीटर असे. मुळात त्यांना थंडी सोसत नसे. काकांचा डोळा पहिल्यांदा त्या हीटरवरच गेला, हे काकूंनी बरोबर ओळखलं.

"माझ्या हीटरला हात लावाल तर बघा," त्या म्हणाल्या.

मग बरीच घासाघीस झाली आणि तह ठरला. आकडा निम्मा होईपर्यंत हीटर दिवसाला फक्त एक तास. निम्मा झाला, की काकूंनी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावावा, काका तोंडातून शब्द काढणार नाहीत. काकांनी तसा शब्द दिला. काकू म्हणाल्या, "म्हणजे मलाच घाई करायला हवी."

त्यानंतर काकांनी घर धारेवर धरलं. दिवे बदलले. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. ती सहज निघाली, म्हणून दाराचं रबर बदललं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि मागच्या जाळीची धूळ ब्रशनं काढली. टीव्हीचा लाल ठिपका रात्रभर जळतो हे त्यांना सहन होईना, त्यासाठी वेगळं बटण बसवलं. गिझरचं तापमान उतरवलं. कपडे गार पाण्यात आणि मशीन भरल्याशिवाय नाहीच. भांड्यावर झाकण, सकाळी उन्हाच्या बाजूचे पडदे उघडे, ऊन कलताच बंद. दाराखालच्या फटीसाठी जुन्या पँटचा पाय शिवून त्यात चिंध्या भरल्या. म्हणजे शिवला काकूंनीच, पण कल्पना काकांची, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

रांगेच्या टोकाला एक सूचनाफलक होता. त्यावर काका दर सोमवारी वीजबचतीची एक युक्ती सुवाच्य अक्षरात लिहून टाचणीनं लावत. लोक युक्त्या वाचत की नाही देव जाणे, टाचण्या मात्र न चुकता पळवत. काकू म्हणत, "पुढच्या सोमवारी टाचण्या वाचवायची युक्ती लिहा."

वर्षभरात आकडा दोनशे अठ्ठावन्नवर आला आणि तिथं अडून बसला. काकांनी हात टेकले नाहीत, पण वैतागले. काकूंची रविवारची बिस्किटं ओव्हनमध्ये होत, ती त्यांच्या डोळ्यांवर आली. काकूंचं मशीन चाले, इस्त्री चाले. काका तोंडानं काही बोलत नसत, नुसते जाऊन मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा बघून येत. तेवढं काकूंना पुरे होई.

आणि मग दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर आकडा आपणहून उतरायला लागला. दोनशे एकतीस. दोनशे सात. एकशे त्र्याऐंशी.

काकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दाराखालचा चिंध्यांचा पाय कामाला आला, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या सोमवारी फलकावर त्याचं चित्रही काढलं. आता त्या तीन महिन्यांत घरात काय काय घडलं ते सांगतो. काकूंनी ओव्हन लावणं सोडलं. म्हणाल्या, बिस्किटं आताशा पचत नाहीत. मशीनवर कापड टाकून ठेवलं. म्हणाल्या, डोळे दुखतात, थोडे दिवस कामं घेत नाही. आंघोळ दोन तांब्यांत उरकायला लागल्या. जेवण झालं की पडून राहायच्या, दिवाही लावायच्या नाहीत. घरात मफलर गुंडाळून बसायच्या, तोच करडा. काकांनी तो त्यांच्या गळ्यात पाहिला आणि म्हणाले, "बघ, एका मफलरात हीटर वाचला." काकू हसल्या. लेकीचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, बाबा, आईचा आवाज इतका बारीक का येतोय? काका म्हणाले, तुमच्याकडची लाइन खराब आहे.

एका माणसानं मात्र विचारलं होतं. काकांच्या जागी आलेला मीटरवाला काकांच्याच हाताखाली शिकलेला, आता त्यालाही टक्कल पडलं होतं. एकशे त्र्याऐंशी वाचून तो पुढच्या दारी गेला नाही, बेल वाजवून उभा राहिला. "काका, हिवाळ्यात आकडा उतरतोय तुमचा. काकू बऱ्या आहेत ना?"

काकांना हसू आलं. आपला चेला आपल्यालाच शिकवतोय. "अरे, इथं कुणी आजारी नाही," ते म्हणाले, "इथं माणूस शहाणा झालाय." आणि त्याला उभ्या उभ्या फ्रिजचं रबर, गिझर, चिंध्यांचा पाय, सगळं दाखवलं. आतून काकूंनी सगळा जोर लावून हाक मारली आणि त्याला चहा विचारला. ऐकणाऱ्याला तो आवाज अगदी ठणठणीत वाटला असता. मीटरवाला समाधानानं गेला.

पुढच्या महिन्यात काकांनी वाट न बघता स्वतःच वजाबाकी केली. एकशे अठ्ठावन्न. निम्म्याहून दोन कमी. ते पुठ्ठा हातात घेऊनच आत धावले. काकू मोरीपाशी भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. काकांना वाटलं, आनंदानं बसल्या. क्षणभरच वाटलं, पण वाटलं हे खरं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. आत लाली म्हणून नव्हती. किती दिवसांपासून असं आहे, त्यांनी काकांना विचारलं. थकवा? जेवण कमी? सारखी थंडी वाजणं? काका म्हणाले, नाही, तसं काहीच नव्हतं. मग तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ होती, आतल्या आत थोडं थोडं रक्त जात होतं, कित्येक महिने. चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर शस्त्रक्रिया करता आली असती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागानं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. लेक आली. ती आईशी गोड बोलायची आणि बाहेर येऊन बापाशी एक शब्द बोलायची नाही.

काकू एकोणीस दिवस होत्या. त्यातल्या एका दुपारी त्यांना जरा हुशारी वाटत होती. अंगावर दोन ब्लँकेटं होती, तरी हात गार. काका ते हात चोळत होते.

"त्या दिवशी पुठ्ठा घेऊन आला होतात," काकू म्हणाल्या. "किती झाला?"

"एकशे अठ्ठावन्न."

"म्हणजे जिंकलात." त्या म्हणाल्या. "मग आता हीटर लावायचा ना?"

"घरी चल," काका म्हणाले. "गेल्या गेल्या लावतो. दिवसभर लावतो."

काकू घरी आल्या नाहीत.

पुढचे काही दिवस लोक येत-जात राहिले, मग लेकही गेली. जाताना बापाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला, तेवढं तिनं केलं. काका एकटे राहिले. कपाट आवरताना त्यांना कोपऱ्यावरच्या लाँड्रीची पावती सापडली, दोन चादरींची. त्या आणायला गेले.

लाँड्रीवाल्या बाईंनी चादरी काउंटरवर ठेवल्या आणि डोळ्याला पदर लावला. वाफेच्या मोठ्या इस्त्रीशेजारी एक खुर्ची होती. तिच्यावर काकूंची उशी होती. काकांनी ती लगेच ओळखली. मागच्या खोलीतली, निळ्या खोळीची.

"रोज दुपारी इथं येऊन बसायच्या," बाई म्हणाल्या. "इस्त्रीच्या जवळ. घरी गार वाटतं म्हणायच्या. मी म्हटलं, अहो, मग हीटर लावा की. तर म्हणाल्या, थोडेच दिवस राहिलेत, त्यांचा आकडा होऊ दे. मग मी दिवसभर लावणार आहे."

दुपारी काका वाचत पडत, डोळा लागे. त्या वेळात काकू उठून कोपऱ्यापर्यंत चालत जात होत्या आणि त्यांना जाग यायच्या आत परत येत होत्या. त्या अंगानं, त्या थंडीत, दुसऱ्याच्या दुकानात ऊब घ्यायला.

काका उशी आणि चादरी घेऊन घरी आले आणि मीटरपाशी उभे राहिले. पुठ्ठा खिळ्यावर होता. दोनशे अठ्ठावन्न, दोनशे एकतीस, दोनशे सात, एकशे त्र्याऐंशी, एकशे अठ्ठावन्न. त्यांनी तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या घराचा असावा तसा वाचला. काही अवघड नव्हतं. इथं ओव्हन बंद पडला. इथं मशीन. इथं गरम पाणी. इथं माणूस अंधारात पडून राहायला लागला. ऐन थंडीत महिन्याला पंचवीस युनिटांनी उतरणारा आकडा कुठल्याही परक्या दारात दिसता, तर त्यांनी दार ठोठावलं असतं, शेजाऱ्याला बोलावलं असतं, कुलूप फोडलं असतं. या दारातून ते दिवसातून दहादा आत-बाहेर करत होते. ते पोर्चच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकी लोटून घेतली, त्यांना लाज वाटू नये म्हणून.

त्या सोमवारी फलकावर युक्ती लागली नाही. तिथं काकांनी एवढंच लिहिलं: "आपल्या घराचा आकडा उतरत असेल, तर घरातल्या माणसांना विचारा." लोकांना त्याचा अर्थ लागला नाही. टाचण्या मात्र या खेपेला कुणी नेल्या नाहीत.

महिन्यानं मीटरवाला आला. मधे तो दुसऱ्या भागात होता, त्याला काही माहीत नव्हतं. आकडा वाचून त्यानं मागचा पाहिला, पुन्हा टॉर्च मारून खात्री केली आणि बेल वाजवली.

"काका, तीनशेच्या वर गेलाय," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. "लेक आलीय वाटतं राहायला?"

"नाही," काका म्हणाले. "मी एकटाच असतो." मग त्यांनी त्याला काय झालं ते सांगितलं, दोन वाक्यांत.

मीटरवाल्यानं टॉर्च पिशवीत ठेवला. उघड्या दारातून त्याला मागची खोली दिसत होती. शिलाई मशीनवर कापड टाकलेलं होतं. खुर्चीवर निळ्या खोळीची उशी आणि करडा मफलर होता. खुर्चीच्या पायाशी छोटा हीटर लाल होऊन जळत होता. दुपार होती, ऊन चांगलं पडलं होतं आणि खोलीत कुणी नव्हतं.

"सकाळी लावतो, संध्याकाळी बंद करतो," काका म्हणाले. "ठरलं होतं तसं."

मीटरवाल्यानं मान हलवली, वहीत आकडा लिहिला आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.