बोलबेरे म्हणजे मी परत येईन

माझ्या आणि सरूबाईच्या घरात भिंत एकच, तीही मातीची. कान झाकून काही स्वैपाक करता येत नाही. त्यामुळे पलीकडचे किस्से माझ्याकडं आपोआप साठत गेले.

सरूबाई धावडा गावची धनगरीण. छातीच्या दुखण्यासाठी लेकीला, शेवंताला घेऊन जालन्यात येऊन राहिलेली. कोपऱ्यावर मिशनच्या सिस्टरचा दवाखाना. सिस्टर स्पेन देशाची. शेवंता तिथं पट्ट्या बांधायला लागली. हात इतका हलका की सिस्टरनं तिला नर्सचं शिकायला आपल्या देशी पाठवायचं ठरवलं. त्यासाठी तिथली बोली यायला पाहिजे. निजामाचं राज्य जाऊन कचेरीत नुकती मराठी आलेली. आम्ही अजून उर्दूचंच मराठी करून राह्यलो होतो, आणि ही पोरगी तिसरंच घेऊन बसली.

सरूबाई म्हणायची, जाऊ दे, पोरीचं भलं होईल. पण आपल्याला ती पुन्हा दिसायची का, ही धास्ती तिच्या खोकल्यातसुद्धा ऐकू यायची.

*

सिस्टरचा जीव भविष्यकाळावर. म्हणायची, यात कापाकापी नाही. आख्खा शब्द तसाच ठेवायचा, मागं शेपूट लावायचं. ‘मी’चं एक, ‘तू’चं दुसरं. आब्लार म्हणजे बोलणं. आब्लारे, मी बोलेन. आब्लारास, तू बोलशील. आब्लारा, तो बोलेल.

शेवंता जात्यावर बसून हेच घोकायची. सरूबाई खाटेवरून म्हणाली, “बाईमानसांच्या घरात कुणाला अरे-तुरे करून राह्यली गं?”

*

शेपूट चुकलेलं सिस्टरला बिलकुल खपत नसे. माझ्या बोटाचं गळू कापता कापता थांबली, सुरी तशीच वर धरली आणि शेवंताचं ‘तू’ दुरुस्त करत बसली.

मी म्हटलं, “बाई, आधी माझा वर्तमानकाळ उरका. मंग तिचा भविष्यकाळ.”

*

सिस्टरची मराठीही शेवंताच्या हातची. एकदा मारवाड्याच्या सुगनबाई औषध घेऊन “येते हं” म्हणून गेल्या. सिस्टर जेवण झाकून दुपारभर त्यांची वाट बघत बसली. मग रागावली, येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत.

शेवंतानं समजावलं, “सिस्टर, आमच्यात जाते म्हनत न्हाईत. जाते म्हनलं की मानूस गेलाच.”

“मग खरंच परत येणारा काय म्हणतो?”

“तोबी येतोच म्हनतो.”

 

*

पुढं आलं कोमेर, म्हणजे खाणं. शेपटं तीच. कोमेरे, कोमेरास. तोवर सरूबाईच्या पोटात पेजही टिकेना. शेवंता वाटी घेऊन पुढ्यात बसलेली.

सरूबाईनं विचारलं, “खानार न्हाई, हे तुज्या त्या बोलीत कसं म्हनत्यात?”

“आधी ‘नो’ लावायचं.”

“लाव मंग.”

*

बिबिर, म्हणजे जगणं, हा शब्द सिस्टरनं टाळला होता. शेवंतानं हट्टानं विचारून घेतला. बिबिरे, मी जगेन. बिबिरास, तू जगशील. बिबिरा, तो जगेल.

“आन ती?” सरूबाई.

“तिलाबी बिबिराच. वडीलधाऱ्याला ‘तुमी’ म्हनलं तरी तेच.”

सरूबाईनं खोकला आवरला. “मंग दाटीवाटीनं मीबी बसते की त्यात.”

*

शेवंता निघाली त्या दिवशी टांगा दारात उभा. पोरगी पाया पडली. “येते, माय.”

“येते नगं. तुजा बाप रझाकाराच्या गडबडीच्या साली मेंढरं घेऊन गेल्ता, त्योबी येतोच म्हनला होता. तुज्या बाईच्या बोलीत म्हन. त्यात कापाकापी न्हाई.”

शेवंता म्हणाली, “बोलबेरे. मी परत येईन.”

“आन मी काय म्हनू?”

“बोलबेरास. तू परत येशील.”

“बोलबेरे,” सरूबाई म्हणाली.

“अगं माय, रे नको, रास. रे म्हनलं की तूच परत येनार, असं होतं.”

टांगेवाला ओरडला, गाडी चुकेल. सरूबाईनं पुन्हा सगळा जीव लावून म्हटलं, “बोलबेरे.”

शेवंता तेवढंच घेऊन गेली.

*

उन्हाळा लागला तसं सरूबाईला कुशीवर वळणंही जड झालं. सिस्टर रोज यायची. त्या सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होते. सिस्टरनं नाडी बघितली, पिशवी उचलली. आता ती आमच्यासारखंच बोलायची.

“येते, सरूबाई.”

सरूबाईनं डोळे उघडले. “बोलबेरे.”

मी सिस्टरकडं बघितलं. ती दुरुस्त करणार, याची मला खात्री होती.

“बराबर. आज ‘येते’ त्यांनीच म्हणायचं,” सिस्टर मला म्हणाली. पिशवी खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला परत बसली.