आईनं सोडलेला डोंगर

माझी आई आभाळ मोजायची. थट्टा नाही, त्याचाच तिला पगार मिळायचा! सकाळी वेधशाळेच्या गच्चीवर सतरंजी टाकून ती उताणी पडायची, मनातल्या मनात आभाळाचे आठ भाग करायची आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते वहीत लिहायची. आधी आभाळ, मग यंत्रं, हा तिचा नेम. सुट्टीच्या दिवशी मीही शेजारी पडलेली असायचे. ढग सरकतायत की गच्ची, तेच कळायचं नाही. बोलता बोलता डोळा लागायचा, आणि जाग यायची तेव्हा वर वेगळंच आभाळ असायचं.

ही मोजणी तिच्या अंगात इतकी मुरली होती, की शेजारणीनं एकदा "कशा आहात?" विचारलं, तर आई म्हणाली, "आठातले तीन." म्हणजे किंचित मळभ, बाकी ठीक. ती बिचारी डॉक्टरांचा पत्ता द्यायला लागली.

मी वेधशाळेत लागले ती आईमुळेच. लग्नसुद्धा अशा शिंप्याशी केलं, जो कात्री हातात धरून आईसारखाच ढग बघत बसतो. पण आईची एक गोष्ट मी सगळ्यात घट्ट धरून ठेवली होती. मी चार वर्षांची असताना तिला डोंगरावरच्या वेधशाळेची प्रमुख नेमलं होतं, आणि ती नाही म्हणाली. "पोरीसाठी डोंगर सोडला हो तिनं," असं मावशी येता-जाता ऐकवायची. मी मान खाली घालायचे. आई चकार शब्द काढायची नाही.

आता तीच जागा माझ्याकडे चालून आली. माझी लेकही चारच वर्षांची. मग काय, माझं ठरलेलंच होतं. एका दुपारी नकाराचं पत्र लिहिलं: 'मुलगी लहान असल्यामुळे...' नवरा म्हणत होता, "अगं, तिघंही जाऊ की! माझं मशीन काय, कुठेही चालतं." मी कशाला ऐकतेय! पत्र मोठ्या तोऱ्यात आईला दाखवलं.

तिनं चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"मी तुझ्यासाठी नव्हते गं थांबले," ती म्हणाली. "मला भीती वाटली होती. एवढं मोठं काम, हाताखाली दहा माणसं. तुझं नाव सांगितलं, की कुणी पुढे काही विचारलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तीस वर्षं मी उगाच अपराध्यासारखी वावरले? तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्याचीही भीतीच वाटली," म्हणाली आणि रडायला लागली. मलाही रडू फुटलं. रागानं की मायेनं, कोण जाणे.

संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मग पत्र पुढे ओढलं आणि लेकीचं वाक्य खोडलं. त्याच्या जागी दुसरं कारण लिहायला बसले. एकच उरलं होतं, आणि ते साहेबांना लिहिण्यासारखं नव्हतं. नवा कागद घेतला आणि होकार कळवला.