बॅटरी पाहून आलेला कोल्हा

गुजरातेत कडोदऱ्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. बायको-मुलं धुळ्याला, आणि मी शाळेमागच्या खोलीत एकटा. खोलीला लागूनच ऊस होता. रात्री उरलेली भाकरी मी बांधावर ठेवायचो, कारण तिथे एक कुत्रं यायचं. बॅटरी लावली की लांबवर दोन डोळे चमकायचे. मग मी त्याच्याशी थोडं अहिराणीत बोलायचो. शाळेत दिवसभर गुजराती. घरची भाषा तेवढ्यापुरतीच तोंडात यायची.

पुढे गावात ओरड झाली की खरजेनं सडलेला एक कोल्हा घरांपर्यंत येतोय, गुराढोरांना रोग लावेल. शेजारच्या शेतकऱ्याकडे पीक राखायची परवान्याची बंदूक होती. त्यानं मला बॅटरी धरायला बोलावलं. म्हणाला, "उजेड पाहून तो पळेल, तेव्हा हात हलवू नका." कुत्र्याची भाकरी मी सवयीनं खिशात घातली.

बांधावर बॅटरी लावली. तेच दोन डोळे. या वेळी ते जवळ आले, तेव्हा दिसलं की ते कुत्रं नव्हतंच. अंगावर केस नाहीत, नुसते चिघळलेले खवंद. पळायचं सोडून ते येडं सरळ माझ्याकडे चालत आलं.

बॅटरी विझवता आली असती. पण मास्तर रात्री कोल्ह्याशी गप्पा मारतो, हे गावाला सांगणार कोण?

बार झाला. शेतकऱ्यानं पाठ थोपटली. "मास्तर, तमारो हाथ जराय न हाल्यो!"

खोलीवर येऊन खिशातली भाकरी मीच खाल्ली. ठेवणार कुणाला?