आखेनहून आणलेलं अस्वल

वील क्रॉमबाखला कुठलंही खेळणं दाखवा, तो त्याच्या तीन किमती सांगणार. इकडची, जर्मनीतली आणि बेल्जियममधली. तेही न विचारता. आता हॉलंडच्या टोकाला, तीन सीमा मिळतात तिथल्या आमच्या व्हाल्समध्ये जन्मलेल्या माणसाला तीन देशांचे भाव ठाऊक असतातच. साबण तिकडून आणायचा, पेट्रोल पलीकडून भरायचं, हे आम्ही सगळेच करतो. पण वीलचं हे जरा जास्तच होतं. माणूस बारशाला गेला तरी पाळण्यातल्या खुळखुळ्याकडे बघून म्हणायचा, "हा इथे घेतला वाटतं? अरेरे."

लोक त्याला कंजूष म्हणायचे, पण ते खरं नव्हे. कंजूष माणूस घेतच नाही. वील भरपूर घ्यायचा, सगळ्यांसाठी घ्यायचा, फक्त जास्त पैसे देऊन घेतलं की त्याला रात्री झोप लागायची नाही. ते त्याच्या रक्तातच होतं म्हणा ना. तो तान्हा होता तेव्हा त्याची आई बाबागाडीच्या तळाला कॉफीचे पुडे रचायची, वर गादी, गादीवर वील, आणि चालली सीमेपलीकडे, जर्मनीतल्या आखेनला, चोरून विकायला. नाक्यावरचे शिपाई बाळाच्या गालाला हात लावून जाऊ द्यायचे. पुढे वील मोठा झाला तो आखेनच्या बसवर ड्रायव्हर म्हणूनच लागला. सगळी नोकरी याच सीमेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या काचा बघत बघतच म्हातारा झाला.

गावात फीनचं खेळण्यांचं दुकान आहे. वील तिथे जाऊन प्रत्येक खेळणं उलटंसुलटं करून बघायचा, चाकं फिरवायचा, बाहुल्यांचे हात ओढायचा आणि मग घ्यायला जायचा दुसऱ्या देशात. फीनची जीभ काही कमी नव्हती.

"बघ हो, नीट बघून घे," ती म्हणायची. "माझं दुकान म्हणजे तुझं प्रदर्शनच आहे. तिकीट लावीन एक दिवस."

"लाव की. बेल्जियममध्ये तेही स्वस्त मिळेल," वील म्हणायचा.

असं हसतखेळत चाललं होतं. मग नोव्हेंबरात त्याची मुलगी मार्यो चार दिवसांसाठी माहेरी आली. ती लग्न होऊन वर उत्तरेला, झ्वोलला राहते. बरोबर तिची लेक फेन्ना. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. नात म्हणजे वीलचा जीव की प्राण.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी पोरांना भेटी वाटणारा सिंट निकोलास स्पेनहून बोटीने आला होता. टीव्हीवर सगळ्या पोरांनी त्याला उतरताना पाहिलं. आता पाच डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत म्हातारबाबांचा मुक्काम देशात आणि रात्री पांढऱ्या घोड्यावरून छपराछपरांवर फेरी. फेन्नाने ओपाकडे, म्हणजे आजोबांकडे, आल्या आल्या शेगडीपाशी आपला बूट ठेवला आणि त्यात घोड्यासाठी गाजर घातलं. पण नेहमीसारखं गाणं काही म्हटलं नाही. टीनीच्या, म्हणजे वीलच्या बायकोच्या, ते लगेच लक्षात आलं.

"काय गं, आवाज बसला का?"

"नाही, ओमा. असंच," फेन्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वील तिला फीनच्या दुकानात घेऊन गेला. तिथे काउंटरवर ब्रॉम नावाचं अस्वल होतं. पोट दाबलं की गोष्ट सांगायचं, पंजा दाबला की विचारायचं, आज तुझा दिवस कसा गेला. फेन्नाने ते मांडीवर घेतलं आणि ऐकत बसली. एक गोष्ट झाली, दुसरी झाली. मग तिने ते जागच्या जागी ठेवलं, त्याचा कान सरळ केला आणि वीलच्या मागोमाग बाहेर आली. चर्चपाशी आल्यावर तिने वीलचा हात ओढला.

"ओपा, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही. आईला तर अजिबात नाही."

"नाही सांगत."

"वर्गातला युरे म्हणतो, सिंट वगैरे काही नसतो. आईच सगळं आणते. म्हणून मी आईला यादीत रंगपेट्या लिहून दिल्यात. ब्रॉमचं लिहिलंच नाही. सिंट खरा असेल तर त्याला न सांगता कळेल. हो ना?"

"कळेल तर," वील म्हणाला. "त्याला सगळं कळतं."

"फक्त तुला सांगितलंय हं. तू काही सिंट नाहीस."

झालं. आता साऱ्या जगात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक, आणि त्यातल्या एकाला ती पार पाडायची होती. फेन्नाच्या डोळ्यांत सिंट आणखी एक वर्ष जगणार की नाही, ते या अस्वलावर ठरायचं होतं. हे वीलला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग येतो.

मायलेकी परत गेल्या त्याच दिवशी त्याने टीनीला सगळं सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असा त्याचा हिशोब. टीनीने हातातला बटाटा खाली ठेवला.

"मग बसलायस काय? जा फीनकडे आणि घेऊन ये."

"फीनकडे एकोणसाठ आहे."

"असू दे."

"अगं, पण केल्मिसला चोपन्न आहे. अर्थात बेल्जियमवाले बॅटऱ्या देत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे गेलं सगळं पाण्यात. आखेनला पुढच्या आठवड्यात नाताळची सवलत लागेल. सत्तेचाळीस. बॅटऱ्यांसकट."

"वील, एकुलत्या एक नातीचं अस्वल आहे ते. एकदा, फक्त एकदा, सरळ दुकानात जाऊन वस्तू घेशील का?"

"बारा युरो म्हणजे काय झाडाला लागतात?" वील म्हणाला, आणि तिथे ते बोलणं संपलं.

सवलत लागली त्या सकाळी तो आखेनला गेला. दुकान उघडायच्या आधी दाराशी हजर. ब्रॉमची खोकी ढिगाने रचलेली होती. वील काही नवखं गिऱ्हाईक नव्हे, त्याने विक्रेतीकडून खोकं उघडून घेतलं, शिवण तपासली, बॅटऱ्या बघितल्या, आणि पोट दाबलं. अस्वल बोलू लागलं. जंगलात हरवलेल्या सशाची गोष्ट. फीनकडे ऐकली होती तीच. वीलने ती शेवटपर्यंत ऐकली, ससा घरी पोचला तेव्हा तो हसला, विक्रेतीही हसली. "गोड आहे ना?" ती म्हणाली. "फारच गोड," वील म्हणाला, आणि पैसे दिले.

बाहेरच्यांना हे पटणार नाही. पण इथे जन्मलेल्या माणसाच्या कानाला दोन भाषांमधली भिंतच नसते. आई या बोलीत ओरडायची, बेकरीवाली त्या भाषेत बोलायची, बसमध्ये अर्धी माणसं इकडची, अर्धी तिकडची. वीलला गोष्ट कळली, म्हणजे ती आपल्या भाषेतच असणार. कुठल्या भाषेत आहे, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नाही. भाव बघणारा माणूस, त्याने फक्त तेवढंच बघितलं नाही.

पाच तारखेला मार्यो आणि फेन्ना दुपारच्या गाडीने आल्या. टीनीने वाटाण्याचं घट्ट सूप केलं होतं. फेन्ना खिडकीशी बसून होती. चेहरा असा की आज हिची परीक्षाच आहे.

"ओपा कुठाय?" तिने विचारलं.

"शेजाऱ्यांकडे गेलाय. येईल," टीनी म्हणाली.

ओपा बाहेर थंडीत सिंटचं म्हणून भेटींचं पोतं घेऊन उभा होता. त्याने दारावर दणादण मुठी आपटल्या, दार किलकिलं करून मूठभर मसाल्याची बिस्किटं आत उधळली, पोतं उंबऱ्यात टाकलं आणि मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात शिरला. गुडघा दुखत होता तरी पळाला. "काय झालं? कोण आलं होतं?" असं धापा टाकत तो बैठकीत आला तेव्हा फेन्ना पोत्यात डोकं खुपसून बसली होती.

तिच्या नावाचं पहिलं अक्षर, चॉकलेटचं, निघालं. रंगपेट्या निघाल्या. मार्यो हसली. मग तळाशी ते मोठं खोकं. त्यावर वीलने खपून जुळवलेली कविता होती, सिंटच्या नावाने. फेन्नाने ती वाचलीही नाही. कागद फाडला, आणि आतून ब्रॉमचं नाक दिसताच तिने असा काही श्वास घेतला की टीनीने डोळ्यांना पदर लावावा तसा ॲप्रन लावला.

"कळलं," फेन्ना पुटपुटली. "त्याला कळलं." आणि तिने वीलकडे बघितलं. ते बघणं वील मरेपर्यंत विसरणार नाही. मी तरी विसरलो नसतो.

मग तिने पोट दाबलं.

अस्वल बोलू लागलं. हरवलेला ससा. वील हसत ऐकत होता. टीनीही मान डोलावत होती. त्या दोघांना तेव्हासुद्धा काही कळलं नाही. कळलं ते मार्योला. इतकी वर्षं उत्तरेत काढल्यावर तिचे कान बदलले होते. ती हळूच म्हणाली, "पपा..."

"हा काय बोलतोय?" फेन्नाने विचारलं. तिने पुन्हा पोट दाबलं. मग पंजा दाबला. "मला कळत नाहीये. हा जर्मन बोलतोय का?"

वीलने खोकं उचलून त्यावरची अक्षरं वाचली. टीनीने लगेच बाजू सावरली.

"अगं, घाई असते ना सिंटला. अदलाबदल झाली असेल. आता तिकडे कुणीतरी जर्मन पोर रडत बसलं असेल, माझं अस्वल काय बोलतंय म्हणून."

फेन्नाने मान हलवली. पोरीने खरंच प्रयत्न केला. आम्ही सगळे करतो तसाच, मोडलेलं जोडून बघायचा. पण डोकं तिचं ओपाचंच होतं. अस्वलाचा कान सरळ करून, वर बघून तिने अगदी साधेपणाने विचारलं,

"ओपा, तिकडे स्वस्त होतं का?"

आणि वील म्हणाला, "बारा युरोंनी."

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर हाच प्रश्न आणि असंच झटपट उत्तर. निघाल्यावर त्याने ओठ मिटले, पण उपयोग काय? टीनीने सुपाचा डाव भांड्यात सोडून दिला. खोलीत फक्त अस्वल बोलत होतं, ससा घरी पोचायचा होता.

फेन्ना रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "आणि गाजर?"

"ओमा सुपात घालते," वील म्हणाला. आता खोटं बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"अच्छा," फेन्ना म्हणाली, आणि चॉकलेटच्या अक्षराचा कोपरा मोडून तिने ओपाला दिला.

पोरगी झोपल्यावर मार्यो बापाजवळ येऊन बसली. "बारा युरो, पपा," एवढंच म्हणाली. वील सकाळी फीनच्या दाराशी जाऊन बसला. तिच्याकडचं शेवटचं अस्वल त्याने पूर्ण किमतीला घेतलं. चेहरा बघूनच फीनला कळलं. पण फेन्नाने ते खोकं उघडलंसुद्धा नाही.

"हे परत दे, ओपा. दोन कशाला? हाच शिकेल माझी भाषा." आणि त्या जर्मन अस्वलाला काखोटीला मारून ती गाडीत बसली.

वर्षभर वीलने कुणाला भाव सांगितला नाही. बसमधले जुने दोस्त मुद्दाम विचारायचे, "वील, कॉफी कुठे घ्यावी?" तो म्हणायचा, "हवी तिथे घे." टीनीला आधी बरं वाटलं, मग तिचंच मन तिला खाऊ लागलं. "अरे, एक चूक झाली. माणसाने किती दिवस तोंड पाडून बसावं?" ती म्हणायची. वील म्हणायचा, "चूक नव्हे गं. तू सांगितलं होतंस मला."

पुन्हा नोव्हेंबर आला. फेन्नाचा फोन आला.

"ओपा, मला बर्फावरचे स्केट हवेत. मी सगळं बघून ठेवलंय. आखेनला अकरा युरो कमी आहेत. स्केट काही बोलत नाहीत, तेव्हा काळजी नको."

ती आपल्या विनोदावर खूप हसली. वीलही हसला.

"सिंटला सांग ना," तो म्हणाला.

"ओपा," फेन्ना म्हणाली. लहान मुलाला समजावावं तशी.

वील फीनकडे गेला आणि स्केट मागितले. फीनने चष्म्यावरून बघितलं. तिचं मन चांगलं, पण जीभ ती जीभच.

"आखेनचा रस्ता खचला की काय? अकरा युरो कमी आहेत तिकडे."

"माहीत आहे," वील म्हणाला. "तो सिंटच्या घोड्याच्या चित्राचा कागद आहे ना, त्यात बांध."

पाच डिसेंबरला मायलेकी आल्या आणि संध्याकाळी तो पोतं घेऊन दाराबाहेर उभा राहिला. टीनी नको म्हणाली होती, गुडघ्याचं निमित्त काढून. त्याने ऐकलं नाही. नेहमीसारख्या दणादण मुठी आपटल्या आणि दुसऱ्या हाताने खिशातली बिस्किटं काढून तयार ठेवली. आत कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही.

"ओपा, दार उघडंच आहे," आतून फेन्नाने हाक मारली. "थंडीत कशाला उभा राहतोस? ये ना आत."

मग मुठीतली बिस्किटं वीलने परत खिशात टाकली आणि पाय पुसून आत गेला.